एक घर आधी

अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ लिहिला तो बालकांना सुखानं बोध व्हावा म्हणून. तसं त्यांनी पहिल्याच श्लोकात सांगून टाकलं आहे. सतराव्या शतकातली बालकं काय खाऊन वाढत होती कोण जाणे. आपल्याकडे या ग्रंथाची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती प्रसिद्ध आहे, मुंबई संस्कृत मालेतली, १८९७ ची. मूळ ग्रंथ मोजक्या पानांत आटोपतो. त्याखालच्या टिपा वाचता वाचता बालकाचा प्रौढ होतो.

ग्रंथ म्हणजे एक यादी आहे. विश्वात जे जे म्हणून आहे ते सात पदार्थांत बसवलेलं: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव. कणादांच्या मूळ यादीत सहाच होते, सातवा मागाहून आला. जे जे आहे ते सगळं लिहून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं असणार, की अरे, जे नाही ते राहूनच गेलं!

मला याद्या आवडतात. त्यातून ही यादी करणारी माणसं अशी, की घटपटाची खटपट म्हणून साऱ्या महाराष्ट्रानं त्यांना हसावं आणि त्यांनी मान वर न करता पुढचं कलम लिहावं. गुण चोवीस. त्यात चवी सहा, रंग सात, वास मात्र दोनच, चांगला आणि वाईट. स्पर्श तीन: थंड, गरम, आणि ना थंड ना गरम. लग्नाच्या कार्यालयात शेवटच्या पंगतीनंतर जो चहा मिळतो त्याला हा तिसरा स्पर्श असतो. सोनं ही माती नव्हे, तेज आहे. कारण कितीही तापवलं तरी त्याचं पातळपण नष्ट होत नाही. आणि संख्या हाही एक गुण.

इथं गंमत सुरू होते. कारण पुढं नियम असा, की गुणाच्या ठायी गुण राहत नाही. गोडी गुळात राहते, पण गोडीला स्वतःला रंग नाही, वजन नाही. हे पटतं. पण संख्या हा गुण, आणि गुणात गुण राहत नाही, तर मग गुण ‘चोवीस’ कसे? जगातलं सगळं मोजायला निघालेल्या शास्त्राला आपलीच यादी मोजता येईना. टीकाकारांना ही अडचण ठाऊक होती. ते म्हणाले, इथला ‘चोवीस’ हा खरा चोवीस नाही, बोलण्यापुरता आहे. नवल वाटतं ते त्यांच्या प्रामाणिकपणाचं. दुसऱ्या कुणी हे कलम गुपचूप गाळलं असतं.

तसंच त्या नव्या घड्याचं. घडा हा आपल्या रंगाचं कारण आहे, आणि कारण हे कार्याच्या आधी हजर पाहिजे, निदान एक क्षण तरी. तेव्हा उत्पन्न झाल्यावर पहिल्या क्षणी घड्याला कोणताही गुण नसतो. रंग नाही, वास नाही, वजन नाही, नुसता घडा. असा घडा कुणी पाहिलेला नाही, पण त्यावरून शंका काढता येत नाही. पाहायचं म्हणजे त्याला रूप नको का?

बरं, रूप आलं. काळसर कच्चा घडा भट्टीत गेला आणि तांबडा होऊन निघाला. वैशेषिक, म्हणजे कणादांच्या परंपरेतले, म्हणतात, भट्टीत घडा पार फुटतो, परमाणूंपर्यंत फुटतो. एकेका परमाणूचा काळा रंग जाऊन तांबडा येतो. मग ते दोन दोन, तीन तीन करत पुन्हा जमतात आणि तोच आकार, तीच जागा धरून नवा घडा उभा राहतो. कुंभाराला यातलं काही कळत नाही. या उलाढालीला किती क्षण लागतात याचेही त्यांनी हिशेब मांडले आहेत: कुणी नऊ, कुणी दहा, कुणी अकरा. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, हे ऐकून कपाळाला हात लावतात. भट्टीच्या भोकातून घडा अख्खा दिसतो आहे, त्याच्यावर ठेवलेलं ओझं खाली पडत नाही, आणि तुम्ही म्हणता तो फुटला?

यातलं माझं आवडतं प्रकरण मात्र ‘दोन’ या संख्येचं. समोर दोन आंबे आहेत. प्रत्येक आंब्यात एकपण आहेच. पण दोनपण? ‘हा एक, आणि हा एक’ असं मी मनात म्हणतो तेव्हा त्या आंब्यांत दोनपण उत्पन्न होतं. माझ्या डोक्यात नव्हे, आंब्यांत. आणि मनातली ती जुळवणी सरली की दोनपणही सरतं. आंबे पुन्हा एकेकटे. म्हणजे हे नातं धड वस्तूंचं नाही, धड माझं नाही. मी लक्ष देत असेपर्यंत ते वस्तूंत मुक्कामाला असतं. बाजारात डझन मोजून घेतलेले हापूस घरी अकरा भरतात याचं इतकं सभ्य स्पष्टीकरण दुसऱ्या कुठल्या दर्शनात मला आढळलेलं नाही.

द्रव्य वेगळं, गुण वेगळा, जाती (म्हणजे यादीतलं सामान्य) वेगळी अशी कातरणी झाल्यावर प्रश्न उरतो जोडणीचा. गूळ हे द्रव्य, गोडी हा त्याचा गुण. या ढेपेची गोडी या ढेपेचीच, शेजारच्या ढेपेची तिची तिची. पण गुळाला गोडी जोडली आहे कशानं? हा प्रश्न मी एका संक्रांतीच्या आदल्या दिवशी, गूळ चिरता चिरता, घरात विचारला.

“अहो, गोडी कशाला चिकटायला हवी?” आतून उत्तर आलं. “गूळ चिकटलाय तुमच्या हाताला. आधी हात धुऊन या, आणि फ्रिजच्या दाराला लावू नका.”

यातला पहिला प्रश्न आदि शंकराचार्यांचा आहे हे मी तेव्हा बोललो नाही. वेळ बरी नव्हती.

वैशेषिकांचं उत्तर असं. दोन वस्तू नुसत्या जवळ आल्या तर तो संयोग. हात आणि गूळ यांचा संयोग असतो, तो धुतल्यावर जातो. पण गूळ आणि गोडी अशी धुऊन वेगळी काढता येत नाहीत. अवयव आणि अवयवी, गुण आणि गुणी, क्रिया आणि ती करणारं द्रव्य, जाती आणि व्यक्ती, विशेष आणि नित्य द्रव्य, अशा पाच जोड्यांना धरून ठेवणारा एक कायमचा संबंध आहे, त्याचं नाव समवाय. साऱ्या विश्वाला मिळून तो एकच. म्हणजे कोल्हापूरच्या गुळाला आणि केरळच्या मिऱ्याला आपापल्या चवी ज्यानं धरून ठेवल्या आहेत तो समवाय एकच आहे.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, तर्कपादात, यावर हरकत आहे आणि शंकराचार्यांनी ती भाष्यात नीट उलगडली आहे. गूळ आणि गोडी भिन्न, म्हणून त्यांना जोडायला समवाय लागला. ठीक. पण समवाय हा गुळाहून आणि गोडीहून भिन्नच आहे ना? मग त्याला त्या दोघांशी जोडायला दुसरा समवाय हवा, त्याला तिसरा, आणि याला अंत नाही. वैशेषिक म्हणतो, छे छे, समवाय हा स्वतःच संबंध आहे, त्याला आणखी जोडणी लागत नाही. आचार्य म्हणतात, संबंधाला जोडणी लागत नसेल तर संयोगानं काय घोडं मारलं होतं? त्याला मात्र तुम्ही गुण ठरवून समवायानं चिकटवता. आणि त्याच्याही मागं जायचं तर गुण द्रव्याहून वेगळा मानलाच कशाला?

थोडक्यात, थांबायचंच होतं, तर एक घर आधी का नाही थांबलात?

ही हरकत मला फार आवडते, कारण तिला वय नाही. १८९३ साली ऑक्सफर्डमध्ये एफ. एच. ब्रॅडली नावाच्या गृहस्थांनी एक पुस्तक लिहिलं, ‘अपिअरन्स अँड रिअॅलिटी’. त्यात ते साखरेचा एक खडा घेऊन बसतात. खडा पांढरा आहे, कठीण आहे, गोड आहे. या तिघांना एकत्र धरून ठेवतं काय? संबंध म्हणाल, तर त्या संबंधाला या तिघांशी जोडणारा दुसरा संबंध लागेल. इकडे गुळाचा खडा, तिकडे साखरेचा, अंत नसलेली साखळी, म्हणजे अनवस्था, तीच. ब्रॅडलींनी निष्कर्ष काढला की संबंध म्हणून जे काही आपल्याला भासतं ते अंतिम सत्यात नाहीच. यांची नोकरी कसली होती ते पाहा: मर्टन कॉलेजची फेलोशिप, तहहयात, शिकवायची सक्ती नाही, अट एकच, लग्न केलं की फेलोशिप संपली. त्यांनी लग्न केलं नाही, आणि १९२४ मध्ये वारेपर्यंत फेलोशिप सांभाळली. संबंध मिथ्या असतात असं म्हणणाऱ्या माणसानं एका संबंधाला इतकं जपून टाळावं, यावर वैशेषिकांनी काय म्हटलं असतं? रात्री खिडकीतून मांजरांवर बंदूक झाडण्याचा त्यांना नाद होता अशीही आख्यायिका आहे. ती मी फक्त पुढं उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवतो.

जातीचं प्रकरण लवकर आटोपतो. सगळ्या गाईंत गोत्व आहे, म्हणून सगळ्या गाईंना आपण गाय म्हणतो. पण म्हणून प्रत्येक शब्दामागं एक जाती उभी करायची का? सुमारे हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी सहा अडथळे सांगितले. व्यक्ती एकच असेल तर जाती नाही. आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाती नव्हे. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र, काही ठिकाणी वेगवेगळे आढळत असतील, तर त्या सरमिसळीमुळे त्यांना जातीचा मान नाही. आता पुणेरीपणा आणि काटकसर घ्या. काटकसरी नसलेले पुणेकर (आहेत, मी पाहिलेत), पुणेकर नसलेले काटकसरी, आणि दोन्ही असलेले उदंड. तेव्हा उदयनाचार्यांच्या कसोटीप्रमाणे पुणेरीपणा ही जाती ठरत नाही. हा निकाल सदाशिव पेठेत कळवायची जबाबदारी मी घेणार नाही.

तिकडे ऑस्ट्रेलियात डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनी १९७८ मध्ये सामान्यांवर दोन खंड लिहिले आणि हेच धोरण ठेवलं: सामान्यं खरी आहेत, पण शब्द दिसला की सामान्य उभं करायचं नाही; कोणती खरी ते विज्ञानानं शोधायचं. लाल वस्तू लाल आहेत, त्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही, असं म्हणणाऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइनना त्यांनी शहामृग ठरवलं; वाळूत डोकं खुपसून बसलेला. शहामृगाचं म्हणणं मात्र वाटतं तितकं वेडगळ नाही. तोही एक घर आधीच थांबला आहे, इतकंच.

गुणांचं असं, तर नियमांचं काय? इथं तत्त्वज्ञांचं लाडकं उदाहरण गोळ्यांचं आहे. एक मैल व्यासाचा सोन्याचा गोळा विश्वात कुठंही नाही, असं समजू. एक मैल व्यासाचा युरेनियम २३५ चा गोळाही कुठं नाही. दोन्ही विधानं खरी, रचना एकसारखी. पण पहिलं नुसतं खरं आहे: एवढं सोनं कुणी एका ठिकाणी आणलेलं नाही. माणसानं आजवर खणून काढलेलं सगळं सोनं वितळवून ओतलं तरी जेमतेम बावीस मीटर बाजूचा ठोकळा होईल, मग मैलाची बात सोडा. दुसरं विधान मात्र नियमानं खरं आहे. युरेनियम २३५ चा साधारण सतरा सेंटीमीटर व्यासाचा, बावन्न किलोचा गोळा झाला की साखळी आपोआप चालू होते. मैल गाठायला कुणी शिल्लक राहत नाही. आता ‘नुसतं खरं’ आणि ‘नियमानं खरं’ यांतला फरक दाखवा.

तत्त्वज्ञ ह्यूमनं अठराव्या शतकातच बजावून ठेवलं होतं की बिलियर्डचा एक गोळा दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा चालू लागतो एवढंच दिसतं; मध्ये ‘लागतंच’ म्हणून काही दिसत नाही. आर्मस्ट्राँगना ते पुरेना. १९८३ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की नियम म्हणजे दोन सामान्यांमधला एक संबंध आहे. ‘असं असणं’ आणि ‘तसं होणं’ यांच्यामध्ये अवश्यंभावाचा संबंध बसलेला आहे, म्हणून असं असलं की तसं होतंच. त्यांचे मित्र डेव्हिड लुईस यांनी यावर जी कोपरखळी मारली ती आता तत्त्वज्ञानाच्या वर्गात पाठ असते. तिचा भावार्थ असा, की एखाद्या संबंधाचं नाव ‘अवश्यंभाव’ ठेवल्यानं त्याच्या अंगी अवश्यंभाव येत नाही, जसे ‘बळकट बाहूं’चं आडनाव लावल्यानं माणसाचे दंड फुगत नाहीत. आर्मस्ट्राँग या आडनावाचा अर्थ तोच. मैत्री टिकली, हे दोघांच्याही स्वभावाला भूषणावह.

लुईसना दोन गोष्टींचं वेड होतं, ऑस्ट्रेलिया आणि आगगाड्या. घरी त्यांनी खेळण्यातल्या रेल्वेचा मोठा पसारा मांडला होता. १९८२ मध्ये त्यांनी आपल्याच एका लेखाला उत्तर देणारा लेख ब्रूस ल कॅट या मांजराच्या नावानं छापवला. एकानं मांजरांवर गोळ्या झाडाव्यात, दुसऱ्यानं त्यांना लेखक करावं. शास्त्राची प्रगती म्हणतात ती हीच असावी. नियमांबद्दल लुईसचं मत त्यांच्या छंदाला साजेसं आहे. जगात जे जे घडतं ते सगळं घडून जाऊ दे. मग त्याचा असा गोषवारा करा की तो छोटाही असेल आणि जास्तीत जास्त सांगणाराही. त्या गोषवाऱ्यात जी कलमं येतील ते नियम. म्हणजे निसर्गनियम हे रेल्वेचं वेळापत्रक आहे: त्यात बघून गाडी कधी आली ते कळतं, पण वेळापत्रक गाडी ओढत नाही. आर्मस्ट्राँगना हवं होतं ते इंजिन. माझं मन, खरं सांगायचं तर, इंजिनाकडे ओढलं जातं आणि बुद्धी वेळापत्रकाकडे. वेळापत्रक जर झालेल्या गोष्टींचंच बनलेलं असेल तर उद्याच्या गाडीची हमी काय, हे लुईसना विचारावंसं वाटतं. आणि इंजिनाला कोण ओढतं हे आर्मस्ट्राँगना.

आमच्या यादीवाल्यांकडे यावर तोडगा होता. फळ झाडावरून पडतं ते का? गुरुत्व नावाच्या गुणानं. पण गुरुत्व हे फक्त पहिल्या पडण्याचं कारण. त्यानंतरचं पडणं वेगामुळे. इतका काटेकोर हिशेब. मग सुई लोहचुंबकाकडे का धावते? झाडाच्या मुळांतलं पाणी वर का चढतं? ज्वाळा वरच का जाते? वैशेषिकसूत्रांचं उत्तर: अदृष्टामुळे. म्हणजे जे दिसत नाही त्यामुळे. अफू झोप आणते कारण तिच्यात झोप आणणारी शक्ती असते, हे उत्तर देऊन वैद्य होऊ पाहणारा उमेदवार मोलियरनं १६७३ मध्ये रंगभूमीवर आणला आणि प्रेक्षकांना हसवलं. कणादांना हसायचं कारण मला दिसत नाही. जिथं हिशेब संपला तिथं त्यांनी सरळ पाटी लावली. सगळ्याच शास्त्रांना अशी एक पाटी लागते. काही जण ती फार छान अक्षरात रंगवतात.

मीमांसक आणखी निराळे. ते म्हणत, अग्नी जाळतो कारण त्याच्यात जाळण्याची शक्ती आहे, आणि शक्ती हा वेगळा पदार्थ आहे. एक विशिष्ट मणी जवळ ठेवला तर अग्नी दिसायला तोच, पण जाळत नाही. म्हणजे दिसत नाही असं काहीतरी नाहीसं झालं. नैयायिक म्हणत, मुळीच नाही, मण्याचा अभाव हेही जाळण्याचं एक कारण धरा, काम भागतं. मण्यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं हे विशेष. आजही युरेनियमच्या बाबतीत असं म्हणणारे तत्त्वज्ञ आहेत की वरून नियम लादायला नको, युरेनियमचा स्वभावच तसा आहे. एक घर आधी!

हा न्याय ज्यानं सगळ्यात निष्ठुरपणे लावला तो बंगालमधल्या नवद्वीपचा रघुनाथ शिरोमणी. वैशेषिकांना नाव मिळालं ते ‘विशेष’ या पदार्थावरून. दोन परमाणू सगळ्या गुणांनी सारखे असले तरी दोन आहेत, कारण प्रत्येकात त्याचा त्याचा एक विशेष असतो. मग एक विशेष दुसऱ्या विशेषाहून वेगळा कशानं? तर आपल्या आपणच. रघुनाथ म्हणाला, विशेष आपल्या आपण वेगळे राहू शकतात तर परमाणूच आपल्या आपण वेगळे राहतील, विशेष हवेत कशाला? खोडले. दिशा, काळ, आकाश ही तीन द्रव्यं त्यानं ईश्वराच्या खात्यात घालून टाकली. वैशेषिकांच्या यादीतून ‘विशेष’च खोडणं म्हणजे घरमालकाचं नावच पाटीवरून पुसल्यासारखं झालं; आणि आजचे भौतिकवाले तर म्हणतात की दोन इलेक्ट्रॉनांमध्ये ‘हा’ आणि ‘तो’ असा भेदच नसतो, म्हणजे रघुनाथही थोडा आधी थांबायला हवा होता.

पण कात्री घेऊन बसलेल्या या माणसाची यादी शेवटी लहान झाली नाही. संख्येला त्यानं गुणांतून काढून वेगळा पदार्थ केलं, त्यामुळे चोवीसांची ती जुनी अडचण सुटली. शक्ती घेतली, क्षण घेतला. आणि एक पदार्थ असा घेतला की मी वाचता वाचता उठून उभा राहिलो: स्वत्व, म्हणजे मालकी. लोक म्हणत, मालकी म्हणजे हवं तसं वापरता येणं, त्यात वेगळं काय? रघुनाथ म्हणतो, दुसऱ्याचं अन्नही खाता येतंच की. शास्त्रानं ते निषिद्ध आहे म्हणाल, तर ‘दुसऱ्याचं घेऊ नये’ हा निषेध समजायला आधी ‘दुसऱ्याचं’ म्हणजे काय ते ठाऊक पाहिजे. तेव्हा मालकी ही आहेच, आणि ती दुसऱ्या कशातच बसत नाही.

गावाकडचा जमिनीचा तुकडा घ्या. खरेदीखतावर सही होते. माती तीच, रंग तोच, गंध तोच, बांधावरची बाभूळ तीच. चोवीसांपैकी एक गुण इकडचा तिकडे होत नाही. तरी काहीतरी एकाकडून गेलं आणि दुसऱ्याकडे आलं याबद्दल दोन्ही पक्षांना, आणि विशेषतः चुलत्यांना, तिळमात्र शंका नसते. ते नेमकं कुठल्या क्षणी उत्पन्न होतं, आणि जमिनीत राहतं की माणसात, हे रघुनाथानं सांगितलं आहे की नाही ते शोधायला मी अजून बसलेलो नाही. सातबारावर ते कधी दिसू लागेल, एवढं मात्र तलाठ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात या.